कोपऱ्यातलं नाव

"तो रंगाचा डबा परत ने. मला ओरिजनल पायजे, तांदळाच्या पिठाचं," शैलेशशेठ खुर्चीतून न उठता म्हणाला.

बापजाद्यांच्या चिकूच्या वाडीत चार खोल्या उठवून त्यांना रिसॉर्ट म्हणवणारा हा शिरगावचा गृहस्थ. वारली चित्रांचं त्याला एवढं प्रेम, की तारप्याच्या नाचात एक जण सेल्फी काढताना दाखव, असं त्याने आधीच बजावलं होतं.

"शेठ, भाईरची भिंत हाय, खारी हवा. पीठ टिकायचं नाय," दीपाली म्हणाली.

"तुमच्या घरात टिकतं ना?"

"ते आतल्या भिंतीवर आसतं. लगीन झालं का त्याचं काम सरलं."

"कोपऱ्यात नाव-नंबर टाकायचा म्हनत होतीस ना? टाक. पन माल ओरिजनल."

तिथेच ती फसली. तारापूरच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून स्वतःच्या नावावर घेतलेली ही पहिली भिंत. नाव वाचून दुसरं काम आलं तर बरं, नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा पॅकिंगला, असं घरात ठरलेलं. "आल्या का आर्टिस्टबाई!" म्हणायला तिथला सुपरवायझर टपूनच बसला होता.

तिची आई ठमी गावच्या लग्नांत घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं पिठाचं चित्र, लिहायची. नाव टाकायचं ऐकून तिला हसूच आलं. "चौकाला कुनी नाव घालतं का गं?"

"आये, तुला पुढल्या लग्नाला आपसूक बोलावतात. मला कोन बोलावनार?"

दीपालीने जीव ओतून भिंत भरली. सेल्फीवालाही काढला, नाक मुरडून. खाली कोपऱ्यात नाव, गाव मनोर आणि नंबर. शेठने लगोलग फोटो काढून सगळीकडे पाठवले आणि कलेवर चार शब्द बोलूनही घेतलं.

महिनाभरात भिंतीला ओल आली, पिठाला मुंग्या लागल्या. मुंग्यांनी भेदभाव केला नाही, तारपेवाला आणि सेल्फीवाला दोघांनाही सारखंच खाल्लं. शेठचा फोन आला. "आसलं कसलं गं तुजं काम?" ओरिजनल हा शब्द तो साफ विसरला होता. असल्या माणसांची आठवण मोठी सोयीची असते.

"शेठ, परत काढून देते. पैसे नको," ती म्हणाली. त्याने "बघू" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती रंगाचा तोच डबा घेऊन शिरगावला पोहोचली. भिंतीवर फ्लेक्स लागला होता. तिचंच चित्र, पहिल्या दिवशीच्या फोटोवरून मोठं केलेलं. सेल्फीवाल्यासकट सगळं होतं, फक्त तिचं नाव नव्हतं.

"तेवडा कोपरा कापला," शेठ म्हणाला. "माजं रिसॉर्ट हाय, तुजी जाहिरात नाय."

त्याच कोपऱ्यात लाल ठळक अक्षरांत बोईसरच्या फ्लेक्सवाल्याचं नाव आणि नंबर होता. त्याची जाहिरात काही शेठच्या डोळ्यांत खुपली नव्हती.

"किती सुंदर काढलंय!" एक पाहुणी बाई वाकून तो नंबर मोबाइलमध्ये घेत होती. मग तिने मुलींना चित्रापुढे उभं केलं, मोबाइल वर धरला आणि थांबली.

"ताई, जरा सरकता का? फोटोत येताय."

दीपाली डब्यासकट बाजूला झाली.