बंद असलेल्या पिशव्या

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे, पायाने चालवायचं. वय विचारू नका. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसून आता एकच पान उरलं आहे, त्यावरून काय तो अंदाज बांधा. शाळेच्या शिवणवर्गात खिडकीपाशी माझी जागा आहे. आज सकाळी वर्गाच्या भिंतीवर एक फोटो लागला आणि तेव्हापासून तुम्हाला सगळं कधी एकदा सांगते असं मला झालं आहे!

पण सुरुवातीपासून सांगायला हवं. एका मोठ्या कारखान्यात लोखंड ओतून माझा सांगाडा तयार झाला. एका कारागिराने मला जोडलं, तेल घातलं, चाक फिरवलं आणि डोळे मिटून माझा आवाज ऐकला. "हे मशीन जाड कापडाला भिणार नाही," तो म्हणाला. ही मला मिळालेली पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेले नाही.

तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आले. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. तिथे मी तीसहून जास्त वर्षं राबले. शिंप्याची लेक माझ्या फळीच्या कोपऱ्यावर वही ठेवून अभ्यास करायची आणि मी धडधडायला लागले की तिची अक्षरं वाकडी यायची. त्या घरात एक शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडे. पिशवीचा पट्टा असो, झबल्याची नाडी असो की गाठ मारायची फीत, शिंप्याच्या तोंडी सगळ्यांना नाव एकच : बंद. "पोरी, पिशवीला बंद लावलेस का?" "बंद जरा लांब काप गं!" मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्यापायीच रामायण घडणार आहे.

पुढे शिंप्याची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मला या शाळेला देऊन टाकलं. निघताना त्यांनी माझ्या चाकावरून हात फिरवला. शाळेत पहिली काही वर्षं मुलांनी माझे खूप लाड केले. मग चार छोटी विजेची मशीनं आली, बटण दाबलं की पळणारी. त्यातच एके दिवशी माझी वादी तुटली. वादी म्हणजे पायाकडचं मोठं चाक आणि वरचं छोटं चाक यांना जोडणारी चामड्याची दोरी. तेवढी एक दोरी तुटली आणि मी निकामी ठरले. माझ्यावर चादर पडली, चादरीवर फुलदाणी आली आणि मी टेबल झाले!

यंदा आठवीच्या मुलांनी एक मदतगट काढला. झालं असं, की दूर समुद्रापलीकडे एक बेट पाण्याखाली जाऊ लागलं होतं. समुद्र दरवर्षी थोडा वर यायचा. यंदा तो घरांत शिरला आणि माणसं छावणीत राहायला आली. त्या छावणीत परिचारिका म्हणून काम करायला कोण गेली होती, सांगा पाहू? शिंप्याची लेक! आणि तिची भाची याच आठवीच्या वर्गात होती.

या भाचीला सगळी शाळा गडबड म्हणते. ती जिना उतरत नाही, उडी मारते. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. पण मनाने सोन्यासारखी. समुद्र एवढा का वर येतो, हे तिने वर्गाला इतक्या तळमळीने समजावलं होतं की मागच्या बाकावरची मुलंही जागी झाली होती.

आत्याचा फोन आठवड्यातून एकदा, रविवारी यायचा आणि निम्मं बोलणं खरखरीत जायचं. एका सोमवारी गडबड वर्गात धावत आली आणि तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं :

"छावणीतल्या शाळेसाठी १४० पिशव्या. बंद असलेल्या हव्यात."

"बंद असलेल्या म्हणजे?" शिवणाच्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे झाकलेल्या, बाई! तिकडे वारा असतो ना, वाळू असते, पाऊस असतो. पुस्तकं भिजतील. म्हणून बंद!"

बाईंना पटलं, वर्गाला पटलं. आणि चादरीखाली माझा जीव कासावीस झाला. अगं पोरी, ती शिंप्याची लेक आहे! बंद म्हणजे पट्टे! पण मला दात आहेत, पाय आहेत, तोंड कुठे आहे? मी नुसती ऐकत राहिले. 'ध'चा 'मा'सुद्धा झाला नव्हता हो. अक्षर न् अक्षर खरं होतं, अर्थ तेवढा पळून गेला होता.

मग काय उत्साह! एका कपड्याच्या कारखान्याने उरलेलं जाड निळं कापड दिलं. मुलांनी पिशव्या बेतल्या, शिवल्या, प्रत्येकीला झाकण लावलं आणि झाकणाला तीन-तीन बटणं. एकशेचाळीस पिशव्यांना चारशेवीस बटणं! मुलांनी घराघरांतून बटणं जमवली. ताडमाड नावाचा एक उंच मुलगा तर स्वतःच्या सदऱ्याची बटणं काढून देऊन आठवडाभर पिना लावून हिंडला.

गुरुवारी दुपारी वर्गात पिशव्यांचं प्रदर्शन मांडलं. शनिवारी बारा वाजता बंदरावर जाणारा टेम्पो येणार होता. शिवाय शनिवारीच भंगारवालाही येणार होता. तो माझ्यासाठी. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तशी चिठ्ठीच माझ्यावर चिकटवली होती : 'भंगार'.

गडबड आपल्या आजोबांना हात धरून घेऊन आली. माझे शिंपी! पाठ वाकली होती, पण बोटं तीच. त्यांनी एक पिशवी उचलली, चाचपली, उलटी केली, सुलटी केली.

"शिवण छान आहे गं. पण याचे बंद कुठेत?"

"हे काय आजोबा, तीन बटणं. घट्ट बंद."

"अगं, बंद! पाठीवर अडकवायचे. ही पिशवी आहे की उशी?" आजोबा हसले, पण त्यांचं हसू लगेच विरलं. "तुझी आत्या मला म्हणाली होती, पोरं लांबून पाणी आणतात. दोन्ही हातांत डबे असतात. पुस्तकं पाठीवर हवीत, म्हणून बंद असलेल्या पिशव्या पाठवा. नाहीतर पोरं शाळा सोडतात, पाणी काही सोडता येत नाही."

गडबडने फळ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी आत्याला 'म्हणजे काय' एवढंसुद्धा विचारलं नाही."

"अति घाई संकटात नेई," कुणीतरी मागून कुजबुजलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाकाखाली वाकून पेन्सिल शोधू लागला.

"आहेत तशाच पाठवू या," मोठे सर हळूच म्हणाले. "अगदी काही नसण्यापेक्षा बरं. पुढचं जहाज दोन महिन्यांनी आहे आणि तिथली शाळा तर याच महिन्यात उघडते."

गडबड उठली. डोळे लाल, पण आवाज ठाम. "नाही सर. ज्या पिशव्या त्यांना धरताच येणार नाहीत, त्या आपण आपल्याच समाधानासाठी पाठवल्यासारखं होईल. मी बंद लावणार."

"दोनशेऐंशी बंद? दीड दिवसात?"

"आम्ही आहोत की!" ताडमाड ओरडला आणि सगळा वर्ग उभा राहिला. काय सांगू मित्रांनो, चादरीखाली माझ्या लोखंडाला काटा आला!

कापड संपलं होतं. मुलं घरी पळाली आणि तासाभरात लहान झालेले गणवेश, जुने पडदे, गादीच्या खोळी घेऊन परतली. एकाने घाईत वडिलांची धुवायला टाकलेली चांगली विजार आणली होती. तिचा एक पाय कापून झाल्यावर वडील दारात हजर! "राहू दे आता," ते म्हणाले, "दुसराही पाय कापा. एका पायाची घेऊन मी काय करू?"

विजेच्या मशीनांवर पट्टे भराभर शिवून झाले. पण पट्टे पिशवीला जोडायची वेळ आली आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. दुमडलेला पट्टा, त्याखाली निळं जाड कापड, सहा-सहा थर! टक. एक सुई मोडली. टक. दुसरी मोडली. चार मशीनं मिळून अकरा सुया मोडून बसली.

तेव्हा आजोबांनी मान वळवली. "माझं मशीन कुठंय?"

फुलदाणी गेली, चादर गेली. 'भंगार'ची चिठ्ठी आजोबांनी चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि चोळामोळा करून खिशात घातली. "यात मोडलंय काय? वादी तुटलीय नुसती!"

नवी वादी कुठून आणायची? गडबडने दप्तरातून दोरीच्या उड्या मारायची आपली सुती दोरी काढली. दोरी काय साधी होती? त्याच दोरीवर तिने शाळेत सलग तीनशे उड्यांचा विक्रम केला होता. तिने कात्री घेतली आणि लाकडी मुठी कापून टाकल्या. आजोबांनी दोरी मापून घेतली आणि टोकं एकमेकांना शिवून दिली. माझ्या सांध्यांत तेल पडलं. आहाहा! किती वर्षांनी!

गडबड बसली, दणकन पाय मारला आणि मी उलटी फिरले. दोरा तुटला. पुन्हा पाय, पुन्हा उलटी, पुन्हा दोरा तुटला. माझा काही इलाज नव्हता मित्रांनो, मी घाईचं ऐकतच नाही.

"हळू," आजोबा म्हणाले. "आधी हात, मग पाय. चाकावर हात ठेव, स्वतःकडे फिरव. ते कुठल्या बाजूला निघालंय ते हाताला कळू दे. मग पाय लाव."

गडबडने एक खोल श्वास घेतला. चाकावर हात ठेवला. हळूच स्वतःकडे फिरवलं. मग पाय लावला. आणि मी निघाले! धड धड धड धड! सहा थर? मी सात शिवले असते! कारागिराचं ते वाक्य माझ्या दातादातांत घुमत होतं.

शुक्रवारी दिवसभर माझ्यावर रांग लागली होती. एकाने पाय चालवायचा, दुसऱ्याने पिशवी धरायची, तिसऱ्याने दोरे कापायचे. ताडमाडचे गुडघे माझ्या फळीखाली मावेनात, म्हणून तो मोजणीला बसला आणि दर दहा पिशव्यांना आरोळी ठोकू लागला. बाईंनी डब्यातले घास मुलांना भरवले, कारण कुणी हात थांबवायला तयार नव्हतं. आणि गडबड? प्रत्येक मुलाच्या कानाशी जाऊन ती सांगत होती, "आधी हात, मग पाय." ती हळू बोलते आहे हे पाहून मोठे सर दोनदा दारातून डोकावून गेले.

शनिवारी साडेअकराला ताडमाड ओरडला, "एकशेतीस!" पावणेबाराला, "एकशेअडतीस!" तेवढ्यात माझ्या नव्या वादीचा टाका उसवू लागला. मला जाणवत होतं, पण सांगू कशी? मी करकरले. गडबडने लगेच पाय थांबवला, कान माझ्याजवळ आणला. मित्रांनो, तिने ऐकलं! सुई-दोरा घेऊन तिने टाका घट्ट केला आणि शेवटच्या दोन पिशव्या पुऱ्या झाल्या. बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला!

पण टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. गल्लीत पाइप टाकायला खणलं होतं. एकशेचाळीस पिशव्यांचे जड गठ्ठे आणि अंतर दोनशे पावलं. त्याच वेळी फाटकातून एक हातगाडा आत आला.

"ते जुनं मशीन न्यायला आलोय," भंगारवाला म्हणाला.

"काका, मशीन नाही, पिशव्या न्या! लवकर!" सगळी मुलं एकदम म्हणाली.

तो बिचारा गोंधळला. पण गडबडने त्याला सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, एकही वाक्य न गाळता. त्याने बाह्या सरसावल्या. मला न्यायला आलेला गाडा पिशव्या घेऊन निघाला, मागून आठवीचा वर्ग ढकलायला! खिडकीतून मी पाहत राहिले. टेम्पो सुटला तसा गल्लीत असा काही जल्लोष झाला की समोरच्या घरातलं झोपलेलं बाळ जागं होऊन रडायला लागलं.

आज फोटो आला आहे. छावणीतल्या मातीच्या वाटेवर मुलांची ओळ चालली आहे. पाठीवर आमच्या निळ्या पिशव्या. बंद सगळे वेगवेगळे. कुणाचे गणवेशाचे, कुणाचे पडद्याच्या फुलांचे, एकाचे थेट त्या विजारीचे. सगळ्यात पुढे एक छोटी मुलगी आहे. तिच्या एका हातात पाण्याचा डबा आहे. दुसरा डबा तिने पिशवीच्या बंदाला अडकवला आहे. दुसऱ्या हाताने तिने आपल्या धाकट्या भावाचं बोट धरलं आहे. फोटोच्या मागे आत्याने लिहिलं आहे, "भावाला पण शाळेत आणते. आता तिचा एक हात मोकळा असतो."

गडबड तो फोटो बराच वेळ बघत होती. मग ती माझ्याजवळ आली, चाकावर हात ठेवला आणि ते हळूच स्वतःकडे फिरवलं.

मित्रांनो, जगात मदत लागणारी माणसं खूप आहेत आणि तुमच्या पायांत जोर पण खूप आहे. तो जरूर लावा. पण त्याआधी त्यांना काय हवं आहे ते नीट विचारा. 'म्हणजे काय' हे विचारायला लाजू नका. आणि घराच्या कोपऱ्यात कुणी माझ्यासारखं चादरीखाली बसलं असेल, तर भंगार म्हणण्याआधी एकदा वाकून बघा. बहुतेक त्याची फक्त वादी तुटलेली असते.

बरं, आता मला जाऊ द्या. रविवारी पुन्हा फोन आला होता. छावणीत आणखी मुलं आली आहेत आणि या वेळी फळ्यावर गडबडने पिशवीचं चित्रच काढलं आहे, बंदांसकट. वर्गाची घंटा झाली. आली बघा ती, जिना चक्क एकेक पायरी उतरून!