खिळ्यावरून उतरलेला ब्रश

मित्रांनो, माझ्या निम्म्या तारा झडल्या आहेत आणि उरलेल्यांनी माना टाकल्या आहेत, तरी मी अजून तारेचा ब्रशच आहे. गंज घासणे हे माझे काम. एका मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात माझी उमेदीची वर्षे गेली. "हा माझा उजवा हात," असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा मला दोन तारा नव्याने फुटल्यासारखे वाटे.

पुढे काकांचे हात थरथरू लागले. गॅरेज बंद झाले आणि मी घरामागच्या शेडमध्ये खिळ्याला लटकलो.

गेल्या आठवड्यात त्यांनी लेकीच्या गाडीला पुढच्या ब्रेकच्या नव्या डिस्क स्वतः बसवल्या. त्या चकाकत्या डिस्कपुढे मला कोण विचारणार? दुसऱ्याच दिवशी लेक चाचरत म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडतं."

काकांचा चेहरा उतरला. "माझ्या हातांची थरथर गाडीत उतरली गं. उद्या सगळी हत्यारं देऊन टाकतो."

पण लेक त्यांचीच. "एरवी गाडी सरळ पळते, म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग ठीक आहे. आधी उघडून बघूया, मग काय द्यायचं ते द्या."

चाक काढले. काट्याचे मापयंत्र डिस्कला टेकवून ती हाताने फिरवली, तसा काटा नाचू लागला. "डिस्कच वाकडी दिली वाटतं," लेक म्हणाली. काकांनी डिस्क काढली आणि ती ज्यावर बसते त्या जुन्या हबवर बोट फिरवले. बोटाला गंजाची खपली लागली; तिच्यामुळेच नवी डिस्क तिरकी बसली होती.

"आधी बैठक घासा म्हणून जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलो, आणि स्वतःच विसरलो," काका ओशाळून हसले. "आण तो ब्रश."

कितीतरी वर्षांनी मी त्या हातात गेलो. थरथर होती, नाही कशाला म्हणू? पण गंज घासायला थरथरता हात काही वाईट नसतो. दोन्ही हब लख्ख झाले. डिस्क पुन्हा बसवल्या आणि काटा जागचा हलेना.

लेक उतारावरून फेरी मारून आली. "बाबा, ब्रेक दाबताना एका बोटानं धरलं होतं स्टिअरिंग." काकांनी मला पुसले आणि खिळ्याला न अडकवता पेटीत, पान्यांच्या शेजारी ठेवले.

मित्रांनो, नवे जरूर आणा, पण ते ज्यावर बसवायचे त्या जुन्याला आधी घासूनपुसून घ्या. हत्यारे देऊन टाकायची गोष्ट काकांनी पुन्हा काढलेली नाही. ज्या गंजाशी जन्मभर वैर केले, त्याचेच आज मी मनापासून आभार मानतो.