एकशेवीसचा वेग

वजनमापं तपासण्याच्या खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाने गिटार हातात घेतली, की गिटारची काही धडगत नसते. या तपासनिसाने पहिल्याच आठवड्यात भिंतीवर तक्ता चिकटवला. सकाळी डाव्या हाताची चार बोटं चार पडद्यांवर, एकामागून एक, सहाही तारांवर. मग उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. एकच बोट लागोपाठ दोनदा लागलं, की तांबडी फुली. शेजारी मिनिटाला ठरावीक ठोके देणारा मेट्रोनोम टकटकत असायचा आणि रोजचा वेग तक्त्यावर चढायचा. उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात हे कळल्यापासून त्याने भांडी घासणं सोडलं होतं. तेवढ्या एका बाबतीत त्याची प्रगती झपाट्याने झाली.

गिटार आणली होती ती बायकोसाठी. स्वयंपाक करताना ती एक जुनी धून गुणगुणायची. तिच्या साठाव्या वाढदिवसाला ती वाजवून दाखवीन, असा शब्द त्याने आपणहून दिला होता. बायकोने तो मनावर घेतला, ही खरी पंचाईत.

त्याचा शिक्षक वयाने लहान, पण समजूतदार होता. दुसऱ्याच वर्षी त्याने ती धून सोपी करून एका कागदावर लिहून दिली. "काका, आता हे वाजवायला घ्या. सोळा तर ओळी आहेत."

"व्यायाम एकशेवीसच्या वेगाने बिनचूक आले, की घेतो," असं म्हणून तपासनिसाने कागद खणात ठेवला. कच्च्या हाताने धून वाजवणं त्याला खोट्या मापाने तेल विकण्यासारखं वाटे.

वाढदिवस उजाडला तेव्हा वेग शहाण्णववर अडला होता. संध्याकाळी मुलगी, जावई, मेहुणी, सगळे जमले. बायकोने अगदी समोरची खुर्ची धरली. तपासनिसाने घसा साफ करून सांगितलं, की धुनेला अजून चोवीस कमी पडतात, तूर्त व्यायाम क्रमांक सात ऐकवतो. तो अकरा मिनिटं चालला. संपलं असेल या आशेने जावयाने मधेच दोनदा टाळ्या वाजवल्या. बायको मान खाली घालून बसली होती. ते तपासनिसाला दिसलं, पण नियम तो नियम.

"झालं?" बायकोने विचारलं. "द्या इकडे."

तिने गिटार मांडीवर घेतली आणि ती धून वाजवली. हळू, दोन ठिकाणी अडखळत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. मेहुणीने डोळे टिपले.

"हे कधी शिकलीस?" तपासनिसाने विचारलं.

"तुम्ही फिरायला जाता तेव्हा. खणातला कागद घेतला, अडलं की तुमच्या शिक्षकांना फोन केला. चार महिने झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"माझाही तक्ता लावला असता तुम्ही."

त्याला स्वतःची लाज वाटली, आणि बायको फार आवडली. हेच सांगायला त्याने तोंड उघडलं.

"मनगट जरा वर येतंय तुझं," तो म्हणाला.

"येऊ दे," बायको म्हणाली. "मला नुसतं ऐकायचं होतं. तुम्ही कसंही वाजवलं असतं, तरी मला शिकावं लागलं नसतं."