टाकीतलं तीर्थ

पडेगावच्या पुढं, सर्जेरावांच्या बाजरी काढलेल्या रानात एक विमान उभं होतं आणि लोक त्याला कुंकू लावत होते.

उभं म्हणजे काही नीट उभं नव्हतं. पुढचं चाक मोडलेलं, नाक मातीत रुतलेलं, एक पंख बाभळीला टेकलेला. पोलिसांनी भोवती दोरी बांधली होती. त्या दोरीवर आता झेंडूच्या माळा लोंबत होत्या आणि राखणीला बसवलेला शिपाई चपला काढून, हात जोडून बसला होता. शहागंजातून नारळांचा टेम्पो आला. गारखेड्याहून बायका रिक्षा करून आल्या. सरबताची गाडी तर पहिल्याच दिवशी आली होती.

"तूच ते लेकरू व्हय?" एका म्हातारीनं राजनंदिनीच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "महाराजांनी तळहातावर झेललं म्हनं तुला!"

राजनंदिनी काही बोलली नाही. विमानात तीही होती, वैमानिक होण्याचं शिक्षण घेत होती. ते का पडलं हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती बोलली नाही.

तेच, लोकांच्या तोंडून

"दसऱ्याचा दुसरा दिवस," सर्जेराव येईल त्याला सांगत. "मी बांधावर. ते इमान शिकवायच्या शाळेचं इमान माळावरून उठलं. रोज उठतंय, त्यात काय नवं? पन बाभळीवर आलं अन् खोकलं. दोनदा खोकलं, अन् आवाजच गेला राव! पंखा थांबलेला मला इथनं दिसला."

"मग?"

"मग काय! तिकडं टेकडीवर सुदर्शन महाराज. त्यांनी हात वर केला. असा. अन् हळूहळू खाली आनला. हात खाली, तसं इमान खाली!"

हात आधी खाली आला की विमान आधी, हे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे विमानाकडं बघत होते. हाताची गोष्ट संध्याकाळी महाराजांनीच सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

तेच, महाराजांच्या तोंडून, कर्ण्यावरून

"भक्तहो! इमानाचं वजन किती? रेड्याएवढं? दोन रेड्यांएवढं! हा हात बघा. अजून ठणकतोय!" हाताला हळद लावून फडकं बांधलं होतं. काल ते उजव्या हाताला होतं. "अन् ही ताकद आली कुठनं? तीर्थातनं! लोक गाडीवर तीर्थ शिंपडतात. अरे, वाऱ्यानं वाळून जातं ते! माणूस तीर्थ अंगाला चोळतो का पितो?"

"पितो!"

"मग यंत्रानंबी प्यावं! जीप असू दे, ट्रॅक्टर असू दे. झाकन उघडा, अंगाऱ्याचं तीर्थ पोटात घाला, अन् बिनघोर जावा!"

"पन महाराज, मग इमान बंद पडलं कशानं?" मागून कुणीतरी विचारलं.

महाराज याच प्रश्नाची वाट बघत होते. "विचारा त्यांच्या इंजिनियरला! खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, तवा तो पठ्ठ्या हात जोडून उभा होता का? त्यानं नारळ फोडला का? ज्याच्या मनात देव नाय, त्याच्या हाताखालचं यंत्र चालंल कसं?"

गर्दी 'खरंय, खरंय' म्हणाली. एक-दोघांनी इंजिनियरचं आडनाव घेतलं आणि एकमेकांकडं बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं, ते इथं सगळ्यांना कळतं.

इंजिनियरचं नाव बुद्धभूषण. विमानाच्या शाळेतली बाकीची मंडळी पूजेला बसली, तेव्हा तो नेहमीसारखा बाजूला थांबला होता. पूजा झाल्यावर त्यानं सगळ्या पान्यांवरचं हळदकुंकू पुसलं, तेल लावलं आणि पाने जागेवर ठेवले. कुणाला कधी खटकलं नव्हतं. आता खटकलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं.

तेच, पण खरं

(हा भाग राजनंदिनीच्या डोक्यात आहे. तिनं तो अजून कुणाला सांगितलेला नाही.)

त्या सकाळी आईनं, लक्ष्मीबाईंनी, बाटली हातात दिली होती. "महाराजांचं हाय. दोन्ही टाक्यांत अर्धं अर्धं. माझ्यासाठी, बाई." राजनंदिनी हसली होती. पेट्रोलात पाणी गेलं तर काय होतं, ते सगळं तिला शिकवलेलं होतं. बुद्धभूषणनंच शिकवलेलं. उड्डाणाआधी पंखाखालची तोटी दाबायची, काचेच्या नळीत इंधन घ्यायचं, तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघायचं. ती तपासणी तिनं केली. पाणी नव्हतं.

मग ती पंखावर चढली, टाकी किती भरली ते पाहायला. झाकण उघडं. बाटली खिशात. खाली कुणी बघत नव्हतं.

'एवढ्याशानं काय होतंय,' असं तिला वाटलं. आईला खोटं सांगायचं तिच्या जिवावर आलं. खोटं सांगण्यापेक्षा ओतणं सोपं होतं.

विमान उठलं, नाक वर झालं, आणि इंजिन खोकलं. तिनं घाबरून दांडी छातीकडं ओढली, वर राहावं म्हणून. तेव्हा एक हात आला. शेजारी बसलेल्या शिक्षकांचा, कॅप्टन इंद्रजीत यांचा. "सोड! नाक खाली! मागं वळायचं नाही, समोरचं रान बघ!"

हात होता तो असा.

आणि मग

महाराजांनी तिला मंचावर बोलावलं. खाली पहिल्या रांगेत आई, डोळ्यांना पदर लावून. गर्दीच्या कडेला बुद्धभूषण. त्याला पाहून लोक जरा सरकून उभे होते.

"सांग पोरी, हात दिसला का नाय?"

"दिसला," राजनंदिनी म्हणाली.

टाळ्या. बुद्धभूषण वळला आणि चालायला लागला.

समोरच गावच्या शाळेतल्या मुलांना नेणारी जीप उभी होती. ड्रायव्हर कृष्णानं टाकीचं झाकण काढलं होतं आणि तो तीर्थाची बाटली दातांनी उघडत होता.

"कृष्णादादा, थांबा!" कर्ण्यातून आवाज इतका मोठा आला की तीच दचकली. "बुद्धभूषण सर, तुम्हीपण थांबा. आधी आरतीतला तो कापूर विझवा कुणीतरी, इथं पेट्रोल येतंय. सरबतवाले, काचेचा ग्लास द्या. कृष्णादादा, गाडीतली पेट्रोलची बाटली आणा."

"हे काय चाललंय?" महाराज म्हणाले.

"तुमचंच तीर्थ दाखवते, महाराज."

तिनं अर्धा ग्लास पेट्रोल घेतलं. वरून तीर्थ ओतलं. चमच्यानं ढवळलं आणि ग्लास वर धरला. गढूळ झालेलं हळूहळू निवळलं. वर पेट्रोल, खाली पाणी, आणि सगळ्यांत खाली राखेचा काळपट थर.

"बघा. पाणी जड, ते तळाशी जातं. आणि इंजिन टाकीच्या तळातूनच पितं. विमान जमिनीवर होतं तोवर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीतलं चांगलं इंधन पुरलं. नाक वर झाल्यावर इंजिनाच्या तोंडात हे गेलं. पाणी पेटत नाही."

"तुझ्या टाकीत कुठनं आलं पानी?" सर्जेराव ओरडले.

तिनं आईकडं बघितलं नाही.

"मी ओतलं. हेच. महाराजांचं. तपासणी झाल्यावर, चोरून. सरांची काही चूक नाही. त्यांनी मला हे आधीच शिकवलं होतं."

महाराज सावरले. "मग वाचलीस कशी? कुनी वाचवलं?"

"कॅप्टननी. नाक खाली ठेवलं, वेग टिकवला, समोरच्या मोकळ्या रानात उतरवलं. इंजिन बंद पडलं तरी पंख असतात, महाराज. ते शिकावं लागतं."

"आवं, पन महाराजांचा हात..." गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"कुठला हात?" कृष्णा झाकण घट्ट लावत म्हणाला. "काल फडकं उजव्याला होतं की!"

आधी एक जण हसला. मग बरेच.

सगळे नाही हसले. काही बायकांनी जाताना विमानाला हात लावून कपाळाला लावला. महाराज पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात गेले.

राहिलेलं

राजनंदिनीनं संस्थेला आणि चौकशीला आलेल्यांना तेच सांगितलं. तिचं शिक्षण थांबलं. पुन्हा सुरू होईल की नाही, कुणी सांगत नाही. लक्ष्मीबाई तिच्याशी बोलतात, पण देवानं ऐकू नये म्हणून देवघराकडं पाठ करून.

बुद्धभूषण कामावर परतला. ती भेटायला गेली तेव्हा तो पाने पुसत होता.

"सर, माफ करा."

"बोललीस, बरं केलंस," तो म्हणाला. "पण इतके दिवस तू गप्प होतीस. माझी पोरगी शाळेतून रडत यायची."

त्यानं पाना जागेवर ठेवला. तिनं पुढचा पाना उचलून पुसायला घेतला.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच. तीर्थ प्यायचं असलं तर आपण प्यावं. ज्या यंत्रात दुसऱ्याचा जीव बसलाय, त्याच्या टाकीत घालू नये. कुणी चमत्कार दाखवला तर एक काचेचा ग्लास मागावा. आणि खरं माहीत असेल, तर ते त्याच दिवशी सांगावं.