श्यामरावांची नवी शैली

आमच्या नवधातू मंडळात दोन प्रकारचे सभासद होते : दागिने करणारे आणि दागिन्यांवर बोलणारे. दुसऱ्या प्रकारचे जास्त होते, म्हणून मंडळ चाललं. पगार कुणालाच नव्हता. अध्यक्ष विनायकराव बँकेत मोठे अधिकारी. दर रविवारी कलकत्त्यात भवानीपूरच्या आमच्या खोलीवर येऊन ते आधी केर काढत आणि मग अध्यक्षस्थान स्वीकारत. मला चांदी आणि जस्त यांतला फरक कळत नसे, म्हणून मला एकमताने चिटणीस केलं होतं. निःपक्षपाती माणूस हवा होता म्हणे.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. देश नवा झाला तर बांगडी जुनी का, असा मंडळाचा सवाल होता. देशाकडे त्याचं उत्तर नव्हतं, पण होमिओपॅथीच्या दवाखान्यावरची ती खोली स्वस्त मिळाली होती.

मंडळाची एकच शिस्त होती. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपलं नवं काम रुमालाखाली झाकून टेबलावर ठेवायचं. कुणाचं काय ते सांगायचं नाही. मी एकेक रुमाल उचलायचा आणि सगळ्यांनी तोंड सोडायचं. चिटणिसाला मत नव्हतं. करणाराही आपल्याच कामाला चार शब्द सुनावत असे, कारण गप्प बसला तर लगेच ओळखू येई. नावं नसल्यामुळे त्या टेबलावर खोटं बोलायची कुणाला गरज पडत नसे. कलकत्त्यात अशी दुसरी जागा निदान मला तरी ठाऊक नव्हती.

श्यामराव हे आमच्यातले खरेखुरे सोनार. बहूबाजारात वडिलांपासूनचं दुकान, जन्म इथलाच, मराठी बोलतानाही हेल बंगाली. पाटलीच्या कडेला नुसत्या हाताने कोरणी चालवून ते जी रेघ काढत, ती निघाली तिथेच परत येऊन मिळे, आणि मिळाली कुठे ते भिंग लावूनही सापडत नसे.

त्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला. घरी प्रेमलतावहिनी त्यांना चहा अर्धाच कप देऊ लागल्या. "साखर महागलीय," त्या म्हणायच्या. चहा सांडू नये म्हणून साखर महागते, हे अर्थशास्त्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर एकदा ट्राममध्ये श्यामराव मला म्हणाले, "चिटणीस, आमच्या वृंदाचं लग्न माघात ठरलं. नागपूरचे लोक आहेत. तिच्या पाटल्यांचं सोनं मी ती पाळण्यात होती तेव्हापासून बाजूला काढतोय."

"मग करा की."

"करू का, तेच कळत नाही." त्यांनी उजवा हात डाव्याखाली दाबला. "हिला विचारलं तर म्हणते, छान. वृंदा म्हणते, छान. गिऱ्हाईक तर हल्ली वजन बघतं. लेकीच्या हातात वाकडं काम घालायचं नाही मला. आणि सरळ जमत असेल, तर दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही."

"मग?"

"चांदीची एक करून टेबलावर ठेवतो. मंदाकिनी आहे ना! ती सोडायची नाही."

मंदाकिनी ही रेल्वेतल्या एका साहेबांची मुलगी, आर्ट स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली. तिची जीभ ही मंडळातली सर्वांत धारदार कोरणी होती. विनायकरावांच्या तांब्याच्या कमळाला ती "गटाराचं झाकण, पण चांगल्या वस्तीतलं" म्हणाली होती, आणि पहिल्यांदा माना डोलावणाऱ्यांत विनायकराव होते. श्यामरावांनी आपला निवाडा तिच्यावर सोपवला, यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या रविवारी मी तिसरा रुमाल उचलला आणि चांदीची पाटली दिसली. कडेची रेघ सरळ निघाली होती. मग थोडी डळमळली, खाली घसरली, सावरली, पुन्हा घसरली. शेवटी टोकं एकमेकांना चुकवून निघून गेली होती. मला धातूतलं कळत नाही, पण दमलेला माणूस जिना कसा चढतो ते कळतं.

मंदाकिनीने पाटली उचलली. खिडकीशी नेली. उजेडात फिरवून फिरवून पाहिली. श्यामराव समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"ही कुणी केलीय ते मला माहीत नाही," ती हळूच म्हणाली, "पण एवढं धाडसी काम या टेबलावर आजवर आलेलं नाही."

मग काय विचारता! विनायकराव म्हणाले, "यंत्रयुगाचा निषेध आहे हा." कुणाला त्या रेघेत गंगेचं पात्र दिसलं. निरंजनबाबू सीमेपलीकडच्या गावात सगळं सोडून सियालदह स्टेशनावर उतरलेले, एरवी फार बोलत नसत. ते म्हणाले, "ही फाळणीची रेषा आहे मोशाय. अशीच गेली ती. आमच्या विहिरीवरून."

श्यामरावांनी घसा साफ केला. "मला वाटतं, हात कापतोय करणाऱ्याचा."

"काका!" मंदाकिनी उसळली. "तुमच्या पिढीला सरळ रेघेपलीकडे काही दिसतच नाही. असं कापून दाखवा बरं! त्याला किती ताबा लागतो, माहितेय?"

"नाही," श्यामराव म्हणाले. "माहीत नाही."

परतताना ट्राममध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग एकदम म्हणाले, "चिटणीस, ती पोरगी खोटं बोलत नाही, हो ना?"

"नाही बोलत."

"म्हणजे… म्हणजे चांगलीच असेल की काय?"

माझ्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतलं सोनं काढलं. प्रेमलतावहिनींनी त्या दिवशी त्यांना पूर्ण कप चहा दिला आणि बशीत सांडलेला त्यांनी आनंदाने पिऊन टाकला. आता रोज सकाळी ते सोन्याची पट्टी समोर घेऊन बसत. कोरणी मात्र टेकवत नसत. आज ऊन बरं नाही, म्हणत.

पुढच्या महिन्याचं टेबल भरलं. मी पहिला रुमाल उचलला. अंगठी होती, कडेला डळमळती रेघ. दुसरा उचलला. ब्रूच, रेघ घसरलेली, सावरलेली. तिसऱ्याखाली विनायकरावांचं कमळ होतं आणि त्याची प्रत्येक पाकळी थंडी भरल्यासारखी कुडकुडत होती. मंडळाला एकाच महिन्यात नवी शैली सापडली होती. सर्वांत सुंदर थरथर शेवटच्या रुमालाखाली होती, एका चांदीच्या पाटलीवर. ती मंदाकिनीची, हे तिच्या गप्प बसण्यावरून कळलं.

श्यामरावांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. मंदाकिनीची पाटली त्यांनी डोळ्यांशी नेली. ती त्यांच्या हातात इतकी हलत होती की रेघ धड दिसतही नसावी.

"सगळे हेलकावे सारख्या अंतरावर आहेत," ते म्हणाले. "कापणाऱ्या हाताला अंतर राखता येत नाही, मंदा."

"म्हणजे?"

श्यामरावांनी पाटली ठेवली आणि आपला उजवा हात टेबलावर धरला. नुसता धरला. तो आपला आपण हलत होता. समोरच्या अंगठ्या, ब्रूच, कमळ, सगळं स्थिर होतं.

"ती शैली नव्हती," ते म्हणाले. "हा हात होता."

कुणी नाव सांगायचं नाही ही आमची शिस्त त्या दिवशी मोडली. अध्यक्षांनी आक्षेप घेतला नाही. ते उठून उगाच पुन्हा केर काढू लागले.

मंदाकिनीचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, मला माफ करा. मी मनापासून…"

"माहितेय गं. तू खोटं बोलली असतीस तर मी ओळखलं असतं. तू खरंच बोललीस, तिथेच सगळा घोटाळा झाला." त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली सोन्याची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. म्हणजे आपल्या हाताने त्या पाटल्या व्हायच्या नाहीत, हे त्यांना घरून निघतानाच कळलं असावं. "तुझा हात इतका कह्यात आहे की माझं दुखणंसुद्धा तू हुबेहूब कोरलंस. आता वृंदाच्या पाटल्या कर. कडेला एक रेघ. सरळ."

"मला तशी येत नाही, काका."

"येईल. मी शेजारी बसतो. चुकलीस तर सांगेन. डोळे अजून शाबूत आहेत."

ते रोज तिच्या शेजारी जाऊन बसले. ती रडत काम करते, आणि त्यामुळे दिसत नाही म्हणून तिला ओरडा खावा लागतो, एवढं माझ्या कानावर आलं. पाटल्या माघाच्या आधी झाल्या.

लग्नात बायका वृंदाचा हात उलटासुलटा करून बघत होत्या. नागपूरच्या एका वयस्क पाहुण्यांनी श्यामरावांच्या पाठीवर थाप मारली. "व्याही, या वयात हा हात! कमाल आहे बुवा."

"हात त्या मुलीचा आहे," श्यामराव मंदाकिनीकडे बोट दाखवून म्हणाले.

"असं कसं? लेकीच्या पाटल्या बाप दुसऱ्याला करू देईल होय!" पाहुणे मोठ्याने हसले. श्यामरावांचा विनय हा दिवसभर मांडवात कौतुकाचा विषय झाला. त्यांनी आणखी दोघांना खरं सांगून पाहिलं. मग सोडून दिलं आणि आलेल्या प्रत्येकाला नमस्कार करत राहिले. हात जोडलेले असले की कमी हलायचे.

हावड्याला गाडीत बसण्याआधी वृंदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, ती चांदीची पाटली मला द्या ना. तुमच्या हातची."

"ती आटवली मी, बाळ. गेल्याच आठवड्यात."

"का पण?"

"तेवढं अजून जमतं," श्यामराव म्हणाले आणि हमालाला ट्रंक नीट ठेवायला सांगू लागले.