दुसरं आडनाव

प्राचार्यसाहेब, चूक तुम्ही केलीत आणि माफीचा अर्ज पोरीकडून मागितलात. वर्गात जे शिकवलं, प्रश्नपत्रिकेवर जे छापलं, तेच तिनं उत्तरपत्रिकेवर लिहिलं, म्हणून तिचा निकाल अडकवून ठेवलात. आता तुम्ही म्हणाल, असलं प्रकरण आमच्यापर्यंत आलंच नाही. आलंय. आवक शिक्का मारून आलंय. गोल फिरणारी खुर्ची असली की माणसाला तोंड फिरवता येतं, पण कागद जिथल्या तिथं राहतो.

राजेश्वरी ढवाण पिंपळीची. बारामतीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी कॉलेजनं स्पॅनिश भाषेचा कोर्स काढला. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर तुमचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी जगाचं दार’. पहिल्या शनिवारी एकेचाळीस जण आले. दिवाळीनंतर सव्वीस उरले. बाकीच्यांना ते दार उघडायला जड गेलं.

राजेश्वरी टिकली, कारण तिचं काम अडलेलं होतं. वर्गातली मोना इंदापूरची. तिनं पहिल्याच आठवड्यात बातमी आणली होती, की त्यांच्याकडच्या एका पॅकहाऊसमधून डाळिंब आणि द्राक्ष स्पेनला जातं, आणि तिकडची पत्रं वाचून कागद तयार करायला माणूस हवाय. राजेश्वरीनं घरी सांगितलं. तिचे वडील जोतीराम ऊसवाले, बोलणं थेट. ते म्हणाले, “नोकरी लागली तर दोन वरसं लग्नाचं नाव काढणार न्हाय. न्हाय लागली तर ह्या उन्हाळ्यात पावणे येणार. बोल, कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

एवढाच सौदा होता. दोन वर्षं तिची, नाहीतर पाहुण्यांची.

शिकवायला पुण्याहून श्रेया मॅडम यायच्या. तासावर नेमलेल्या, दर शनिवारी एसटीनं. घसा बसलेला असला तरी शिकवायच्या. “ओला” म्हणजे नमस्कार. “मे यामो राजेश्वरी” म्हणजे माझं नाव राजेश्वरी. भिगवणचा सौरभ, ज्याच्या बापाचं हायवेला माशाचं हॉटेल, तो मागच्या बाकावरून ओरडायचा, “मॅडम, चिलापीला काय म्हणायचं तेवढं सांगा, बोर्डावर लिहितो. फॉरेनचे लोक पक्षी बघायला येत्यात न् वडापाव खाऊन जात्यात!”

जानेवारीतल्या एका शनिवारी मॅडमनी फळ्यावर एक फॉर्म काढला. नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. म्हणाल्या, “तिकडं माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं बहुतेक वडिलांचं, दुसरं आईचं. आणि लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही.”

मग सौरभ म्हणाला, “म्हणजे रेशनकार्डात नाव कमी करायला जावं लागत न्हाय व्हय?”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. “गृहपाठ. प्रत्येकानं आपलं नाव त्यांच्या पद्धतीनं लिहून आणायचं. आईचं लग्नाआधीचं आडनाव लावून.”

राजेश्वरी घरी गेली तेव्हा आई भाकरी थापत होती. आईचं नाव यशोदा.

“आई, तुझं आडनाव काय?”

“ढवाण.”

“त्याच्या आधीचं.”

“त्याच्या आधीचं मामाचं.”

“मामाचं न्हाय गं. तुझं.”

आईचा थापता हात थांबला. मामाचं आडनाव भापकर, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. लोणी भापकर हे आईचं माहेर, गावाच्या नावातच आडनाव. एसटीच्या पाटीवर ते रोज बारामतीच्या स्टँडातून फिरतं. पण ते मामाचं, आजोबांचं, गावाचं. आईचं होतं असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. राजेश्वरीनंही नाही.

“भापकर,” आई म्हणाली. तव्यावरच्या भाकरीवरनं पाणी फिरवलं. “शाळेत बना नारायण भापकर. सातवीपातुर. हितं आले तवा तुझ्या बापानं ताटातल्या तांदळात अंगठीनं यशोदा लिहिलं. मी म्हनलं, बरंय. काय म्हननार? समदे टाळ्या वाजवत हुते.”

“तुला आवडलं न्हवतं?”

“कुणी इचारलं न्हवतं. सरक, धूर लागंल.”

राजेश्वरीनं वहीत लिहिलं, ‘मे यामो राजेश्वरी ढवाण भापकर’. वाचून दाखवलं. आईनं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा भाकरी करपली.

जोतीराम जेवायला बसले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “ऊस आमचा न् काट्यावर नाव भापकराचं व्हय? बरंय बाबा स्पेनवाल्यांचं.” पण रागानं नाही. त्यांना गंमत वाटली. पुढं मेव्हण्याला फोनवर सांगितलंही, “तुमच्या बहिणीनं माझ्या पोरीत वाटा मागितलाय.”

आठ मार्चला तुम्ही कॉलेजात कार्यक्रम घेतला, आठवतंय? सगळ्या प्राध्यापकांनी छातीवर आईच्या नावाचे बिल्ले लावले. तुम्हीही लावला. फोटो पेपरात आला. दुपारी ते बिल्ले ऑफिसबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात होते. बिल्ला फेकायला दुपारपर्यंत थांबलात, तेवढे तुमचे उपकार.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. प्रश्नपत्रिकेवर वरच मराठीत छापलं होतं : ‘सूचना १ : उत्तरपत्रिकेवरील सर्व माहिती, विद्यार्थ्याच्या नावासह, स्पॅनिश पद्धतीने भरावी.’ मॅडमनी लिहून दिलेली सूचना. तुमच्या परीक्षा विभागानं तपासली, मंजूर केली, छापली. सव्वीसपैकी चौदा जणांनी ती वाचून तसं केलं. बारा जणांनी सूचना वाचलीच नाही आणि नेहमीसारखं नाव लिहिलं.

जूनमध्ये निकाल लागला. ज्या बारा जणांनी सूचना वाचली नाही, त्यांना प्रमाणपत्र मिळालं. ज्या चौदा जणांनी वाचली, त्यांच्यापुढं लिहून आलं : ‘नावात तफावत. निकाल राखीव.’

राजेश्वरी खिडकीवर गेली. आत रामहरी क्लार्क. माणूस वाईट नाही, फक्त वरून आलेलं खाली ढकलतो. त्यानं छापील अर्ज पुढं सरकवला. त्यात लिहिलेलंच होतं : ‘माझ्याकडून उत्तरपत्रिकेवर नाव चुकून लिहिले गेले. त्याबद्दल क्षमस्व. पुन्हा असे होणार नाही.’ खाली सहीची जागा.

“सही कर ताई. आठ दिवसांत कागद हातात.”

“पण चुकून न्हाई लिहिलं मी. सूचना होती तशी.”

“ती मॅडमची सूचना गं.”

“प्रश्नपत्रिका कुणाची?”

रामहरीनं मागं बघितलं. मागं तुमच्या केबिनचं दार होतं, बंद. “आमच्या सिस्टीममध्ये दोन आडनावं बसत न्हाईत. बाकीचे तेरा जण सही करून गेले. तूच एक राहिलीस.”

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “मी दोन मेल केले गं त्यांना. माझी नेमणूक परीक्षेपर्यंतच होती. आता ते माझा फोनही घेत नाहीत.” मग म्हणाल्या, “तुझा पेपर वर्गात पहिला होता. तोंडीतही.”

पहिला. त्यालाच राखीव म्हणतात तुमच्याकडं.

मोनानं सही केली होती. पॅकहाऊसच्या मोहित साहेबांनी दोघींना सांगितलं होतं, प्रमाणपत्र घेऊन या, शुक्रवारपर्यंत. मोनानं फोन केला, “अगं लिही की चुकून. कोण वाचतंय? मी डोळं झाकून सही ठोकली. आईला काय कळणारे?”

“तुझ्या आईला न्हाई कळणार. मला कळंल.”

“लई शहाणी तू. ऱ्हा मग तशीच.”

रागानं बोलली, पण मोनाचंही खोटं नव्हतं. शुक्रवारी मोना रुजू झाली. राजेश्वरीनं मोहित साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “तुमची भाषा चांगली आहे, पण ऑडिटला कागद लागतो. द्राक्षाच्या सीझनला अजून एक जागा निघेल. तोपर्यंत आणा. त्यानंतर मी थांबू शकणार नाही.”

त्या रविवारी जोतीरामांनी बारामतीहून तिचा बायोडाटा छापून आणला. लग्नाचा. वर गणपती, खाली फोटो, फोटोत मोनाच्या बहिणीची साडी. “कबूल केलं हुतंस,” ते म्हणाले. “भिगवणचं स्थळ हाय. पोरगं एमआयडीसीत.”

राजेश्वरीनं कागद हातात घेतला. नाव, शिक्षण, उंची, रास, कुळ. त्याखाली : ‘मामाचे आडनाव : भापकर (लोणी भापकर)’.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“आण्णा, हे कशाला लिहिलं?”

“आँ? मामाचं आडनाव न्हाय लिहिलं तर स्थळ फुडं सरकंल का? पैलं तेच इचारत्यात.”

“म्हणजे लग्नाच्या कागदावर भापकर लागतं.”

“लागतंच.”

“न् परीक्षेच्या कागदावर लिहिलं तर माफी मागायची?”

जोतीराम म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठीत नाव चुकलं तर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात टेबल दणाणून सोडणारा माणूस, पण पोरीपुढं आवाज खाली आला. म्हणाले, “एक सही हाय. चुकून म्हन न् मोकळी हो. मी पण लई ठिकाणी केल्यात.”

इतका वेळ आई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली.

“चुकून लिवलं का तू?”

“न्हाई.”

“मग?” आई म्हणाली. आणि परत शेंगा फोडायला लागली.

सोमवारी दोघी कॉलेजात गेल्या. यशोदा त्या इमारतीत पहिल्यांदाच आली होती. रामहरी म्हणाला, “मावशी, तुमी कशाला आलाव उन्हाचं?”

“भापकर कोण ते दावायला.”

रामहरी हसला, मग त्याला कळलं की ती चेष्टा करत नाहीये. तो आत जाऊन तुम्हाला विचारून आला. तुम्ही बाहेर आला नाहीत. निरोप पाठवलात, की भापकर या आडनावाशी विद्यार्थिनीचा संबंध असल्याचा पुरावा जोडावा.

पुरावा! आईच्या आधारकार्डावर यशोदा जोतीराम ढवाण. शाळेच्या दाखल्यावर बना नारायण भापकर. दोन्ही कागद एकाच बाईचे, पण कागदांची एकमेकांशी ओळख नाही. ओळख लावून द्यायची तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार. बाई समोर उभी, घाम पुसत, हातात पाण्याची बाटली. ती पुरावा नाही.

राजेश्वरीनं पिशवीतून बायोडाटा काढला. ढवाण आणि भापकर, दोन्ही आडनावं एका पानावर असलेला त्या घरातला एकमेव छापील कागद.

रामहरीनं तो उलटसुलट बघितला. “अगं हे लग्नाचं हाय.”

“पुरावा मागितला न्हवं? ह्याच्यावर विश्वास ठेवून लोक सोयरीक करत्यात. तुमी एक प्रमाणपत्र द्यायचं हाय.”

मागं रांगेत उभी असलेली पोरं फिसकन हसली. रामहरीलाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. छापील अर्ज बाजूला सारून त्यानं तिला कोरा कागद दिला, तेही कुणाला दिसणार नाही असा, रजिस्टरखालून. एवढी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या मनानं केली, म्हणून इथं सांगतो.

राजेश्वरीनं उभ्या उभ्या लिहिलं : ‘मी नाव चुकून लिहिलेले नाही. सूचना क्रमांक एक वाचून लिहिले. सूचना बरोबर असेल तर माझे प्रमाणपत्र द्यावे. सूचना चूक असेल तर ती चूक कोणाची, ते लेखी कळवावे.’ सोबत प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स आणि बायोडाटा. सही करताना थांबली. आईकडं बघितलं. आई दुसरीकडंच बघत होती, भिंतीवर, जिथं आठ मार्चचा बिल्ले लावलेला फोटो चौकटीत लावलाय. राजेश्वरीनं नेहमीची सही केली आणि पुढं भापकर जोडलं.

शिक्का बसला. पोच मिळाली.

संध्याकाळी जोतीरामांनी बायोडाटा मागितला. भिगवणच्या पाहुण्यांना द्यायचा होता.

“कॉलेजात जमा हाय,” ती म्हणाली. “पुरावा म्हणून.”

त्यांनी डोक्याला हात लावला. मग यशोदेकडं बघितलं. जोतीराम दारात जाऊन उभे राहिले. दुसरा बायोडाटा छापायला दहा मिनिटं लागतात, हे त्यांनाही माहीत होतं. आत येऊन म्हणाले, “द्राक्षाचा सीझन लागंस्तवर थांबतो. तवर उत्तर आलं तर ठीक. न्हाय आलं तर मग मला काय सांगू नगा, मायलेकींनी.”

त्याला आता तीन महिने झाले. इंदापूरकडं द्राक्षाच्या छाटण्या उरकत आल्यात. राजेश्वरी दर सोमवारी खिडकीवर जाते, रामहरी दर सोमवारी मान हलवतो. तुमचं दार दर सोमवारी बंद असतं. अर्जाला तुम्ही नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही. नुसतं बसून राहिलात, की पोरगी कंटाळेल, बाप कंटाळेल, सीझन निघून जाईल आणि प्रश्न आपोआप दुसऱ्याच्या घरात नांदायला जाईल.

सूचना तुमची, छपाई तुमची, शिक्का तुमचा. पोरीनं एका ओळीचं उत्तर मागितलंय. चूक कुणाची होती?

लिहून द्या.