अखंड लाल पट्टा

माझा भाऊ लुबर्ट एकोणीस वर्षांनी माझ्या घरात आला, तो माझा नवरा हार्म गेल्यावर. तेही मीच फोन केला म्हणून. हार्मच्या मागे बागेत बुटक्या भिंतींची तीन आवारं राहिली होती आणि तिन्हींत त्याचे गार्टर साप, निरुपद्रवी, पट्ट्यापट्ट्यांचे. माझे गुडघे गेलेले. तीन ठिकाणी वाकून गवत काढा, तीन डबकी घासा, बगळा येतो म्हणून तीन जाळ्या ओढा. मी हात टेकले.

"सगळे एकाच आवारात सोड," लुबर्ट म्हणाला. "माझेही दोन घालतो. चौकडीचे आहेत, जातच वेगळी. भांडत नाहीत की जोडी लावत नाहीत. फक्त खायला घालताना चिमट्याने एकेकाला द्यायचं. नाहीतर एकच मासा दोघं दोन टोकांनी धरतात, आणि मोठा माशासकट धाकट्याला गिळतो."

"मला नको शिकवूस. सत्तावीस वर्षं हेच करतेय मी."

तो हसला. मग संडासात जाऊन आला, तो न बसताच कोट चढवायला लागला. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी तिथे भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर असतं. त्यावर वार नसतात, म्हणून वर्षानुवर्षं तेच. त्यात तेवीस एप्रिलला लुबर्टचं नाव होतं, त्यावर मी पांढरी पट्टी चिकटवली होती. ती काढायची राहून गेली असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला सुचलंच नव्हतं.

भांडण झालं कशावरून? सापांवरून! हार्मच्या सापांना मानेपासून शेपटीपर्यंत अखंड लाल पट्टा. त्यांच्या चुलतभावांचा पट्टा मात्र तुटून ठिपके झालेला असतो. दोघं एकाच जातीचे, त्यामुळे एकत्र ठेवले की जोडी लागणारच. हार्मची पिल्लं न्यायला लोक पार परदेशातून, ब्रनोहून गाडी हाकत यायचे. प्रत्येक पिल्लाबरोबर कागद, त्यावर शिक्का: शुद्ध. आम्ही घर बदललं त्या उन्हाळ्यात त्याचे साप लुबर्टच्या आवारात ठेवले होते, आणि लुबर्टकडे होते ठिपकेवाले.

"हार्म, तुझ्या माद्यांना माझे नर लागलेत," लुबर्ट त्या शरदात साप पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या सभेत म्हणाला. "मादी ते बीज पोटात वर्षानुवर्षं जपते. शुद्ध म्हणून कागद देऊ नकोस."

हार्म म्हणाला, हा जळतो माझ्यावर. आणि मी उठून उभी राहिले. चाळीस माणसांसमोर माझ्या सख्ख्या भावाला म्हणाले, "लाज नाही वाटत खोटं बोलायला? पुन्हा माझा उंबरठा चढू नकोस."

त्यानंतर एकदाच, काही वर्षांनी, दारापर्यंत आला होता. आई आमच्या पुढच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखं त्याचं नाव घेत होती. हार्म दार अडवून उभा राहिला. मी त्याच्यामागे ओला टॉवेल पिळत होते. लुबर्ट माझ्याकडे बघत होता. मी पिळतच राहिले.

तर, या जुलैत हार्मची थोरली मादी व्याली. बावीस पिल्लं. चपटा दगड उचलला आणि माझ्या अंगाची लाही झाली. नऊ पिल्लांचा लाल पट्टा तुटलेला, ठिपकेच ठिपके! लगेच फोन लावला. लुबर्ट सायकलवरून उतरतोय तोच मी सुरू झाले.

"घरात घेतलं, तर हार्मचं नाव बुडवलंस! मुद्दाम केलंस ना? सूड उगवलास!"

त्याने चष्मा लावला, वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"रूली, माझे दोन्ही चौकडीचे. त्यांच्यापासून असं लाल येणारच नाही. शिवाय दोन्ही माद्या आहेत."

"मग ही कुणाची?"

"हार्मच्याच सापांची. त्या उन्हाळ्यातलं ठिपक्यांचं रक्त त्यांच्यात उतरलंय. दर वर्षी निघत असणार. तुला कधी दिसली नाहीत?"

नाही दिसली. कारण दर जुलैत हार्म म्हणायचा, "तू थांब, आधी मी बघतो." तासाभराने हाक मारायचा, तेव्हा सगळी पिल्लं एकसारखी, अखंड लाल. आणि त्याच्या हातात गाठ मारलेली पावाची पिशवी. "अशक्त होती बिचारी." ती पिशवी शेडमधल्या फ्रीजरच्या तळाशी जायची, कचऱ्याच्या गाडीच्या दिवसापर्यंत. मला बघवायचं नाही म्हणून मी वर फरसबीची पाकिटं रचायचे. शेवटच्या जुलैतली पिशवी तिथेच होती. तो आजारी पडला, सप्टेंबरात गेला, ती टाकायची राहिली.

मी शेडमध्ये गेले. फरसबी उपसली. गाठ सुटेना, दातांनी फाडली. अकरा होती, वेटोळी करून गोठलेली, चांगली जाडजूड. अशक्त म्हणे! एकेकावरचं बर्फ अंगठ्याने पुसलं. ठिपके. ठिपके. ठिपके.

माहीत होतं त्याला. आई आत असताना लुबर्टसमोर दार अडवून उभा होता, तेव्हाही माहीत होतं.

"मेल्या!" मी ओरडले. मेलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार?

पिशवी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लुबर्टपुढे ठेवली. त्याने हात लावला नाही.

"मला माहीत नव्हतं रे," मी म्हटलं.

"दर वर्षी तुझ्याच फ्रीजरमध्ये होती, रूली. गाठ सोडायला कितीसा वेळ लागतो?"

मग तो बाहेर गेला. त्याचे दोन चौकडीचे शोधून उशीच्या अभ्र्यात घातले, तोंड बांधलं, अभ्रा सायकलच्या टोपलीत ठेवला.

"राहू देत ना," मी म्हटलं. "चांगले नांदतायत सगळ्यांबरोबर."

"नको."

"कॉफी तरी घे. तुझ्या आवडीची बिस्किटं आणलीयत."

"त्या दिवशी दारात म्हणाली असतीस तर घेतली असती," तो म्हणाला आणि सायकल ढकलत फाटकाबाहेर गेला. चढायलासुद्धा थांबला नाही.

मी आत आले आणि संडासातलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं. एप्रिलचं पान उघडलं, नखाने ती पांढरी पट्टी सोडवायला लागले. एकोणीस वर्षांचा गोंद. पट्टी निघाली, पण खालचा कागद सोलून घेऊन, लुबर्टच्या नावासकट.